रांजी, लाईन आणि साडेसातचा फोन

अठ्ठावीस मेच्या संध्याकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी कवठटोल्याची लाईन गेली. यात नवल काहीच नाही. कवठटोल्याची लाईन वादळाच्या आधी जाते, वादळात जाते, आणि वादळ नुसतं अर्जुनीकडून निघालं असं कुणी म्हटलं तरी जाते. गावाला त्याची एवढी सवय की ढग गडगडला की बायका आधी कंदील शोधतात आणि मग वाळवण उचलतात. पण त्या दिवशीची लाईन पुनाराम कापगत्यांच्या काळजाला लागली. त्या क्षणी त्यांची बायको पुण्याहून फोनवर बोलत होती, आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

पुनारामांना सारं गाव बाबूजी म्हणतं. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून त्यांनी तेहतीस वर्षं काढली आणि मोठे बाबू होऊन निवृत्त झाले. अर्ज लिहावा तर बाबूजींनीच, असा नवेगाव बांधपासून इकडे त्यांचा लौकिक. त्यांची बायको रुख्माबाई जानेवारीत पुण्याला गेली, लेकीच्या, चंदाच्या बाळंतपणाला. जाताना "तीन महिने फक्त" असं बोलून गेली होती. आता पाचवा महिना सरत आला होता आणि परत यायचा विषय कुणी काढत नव्हतं. रुख्माबाईजवळ स्वतःचा फोन नव्हता. चंदा ऑफिसातून घरी आली की साडेसातला आपला फोन आईच्या हातात द्यायची. म्हणजे चोवीस तासांत बाबूजींच्या वाट्याला बायको अर्धा तास यायची, आणि त्यातही नेटवर्क. गावात टॉवर एकच, ग्रामपंचायतीच्या मागे. त्याच्या बॅटऱ्या मागल्या उन्हाळ्यात कुणीतरी उचलून नेल्या, तेव्हापासून लाईन गेली की टॉवरही डोळे मिटतो.

तर त्या संध्याकाळी रुख्माबाई आवाज खाली करून म्हणाली, "अजी, चंदा आत गेली आहे, तवर सांगून टाकते. मी आता–"

आणि लाईन गेली.

बाबूजी अंधारात फोन कानाला लावून पाव तास "हॅलो, हॅलो" करत राहिले. मी आता काय? मी आता येते? मी आता झोपते? की मी आता इकडंच राहते? चंदानं दोनदा सुचवून पाहिलं होतं, "बाबा, आईला इथंच राहू द्या ना. बाळाची किती सोय होते. तुम्हीपण या." बाबूजी एकदा गेले होते पुण्याला. सातव्या मजल्यावर अकरा दिवस राहिले, अकरा दिवसांत पायाला चिखल लागला नाही, आणि बाराव्या दिवशी काही कारण न सांगता परत आले. रुख्माबाई मात्र माणसांत रमणारी. तिला तिथं पाळण्यातला नातू, लिफ्टमधल्या मैत्रिणी, नळाला दिवसभर पाणी. इथं काय होतं? इथं बाबूजी होते.

दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा बाबूजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल तू काय सांगून राहिली होती?"

"कवा?"

"ते, मी आता..."

रुख्माबाई पुटपुटली, "मंग सांगीन जी. चंदा बाजूले बसली आहे." आणि मोठ्या आवाजात बाळाच्या लंगोटांविषयी बोलू लागली. म्हणजे गोष्ट चंदासमोर बोलण्यासारखी नव्हती. त्यानंतरचे चार दिवस साडेसात झाले की पश्चिमेकडून काळंभोर आभाळ उठायचं, एक वाऱ्याची झुळूक यायची, आणि लाईन जायची.

बाबूजींना बायकोची फार आठवण येत होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण चौतीस वर्षांत तसं काही बोलायची त्यांच्या घरात पद्धतच पडली नव्हती. पण एका माणसाचा चहा त्यांना करता येईना. दोन कपांचाच व्हायचा, आणि दुसरा कप निवून साय धरायचा. सकाळी ओसरीवर ते पेपर मोठ्यानं वाचायचे. रुख्माबाई तांदूळ निवडत समोर बसायची आणि दर बातमीला "हूं" म्हणायची. तिला त्यातलं किती कळायचं देव जाणे, पण त्या हूंशिवाय बातमी पुरी झाल्यासारखी वाटत नसे. आता बाबूजी एक बातमी वाचत, थांबत, आणि दुसरी न वाचताच पेपर घडी करून ठेवत.

तेव्हा त्यांनी ठरवलं, वादळात लाईन का जाते याचा छडा लावायचा. एवढं छोटंसं काम. कारकुनानं तेहतीस वर्षांत याहून अवघड फायली निकाली काढल्या होत्या.

पहिला सल्ला शेजारच्या सावित्रीबाईंनी मागितल्याशिवाय दिला. "बाबूजी, लाईनीले नजर लागली आहे. डीपीले लिंबू-मिरची बांधा." डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. बाबूजींनी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं, अर्धा तास. सावित्रीबाईंनी ते ऐकून घेतलं आणि जाता जाता डीपीच्या खांबाला लिंबू-मिरची बांधून टाकली. दुसऱ्या दिवशी ती खाली पडली, तिसऱ्या दिवशी बकरीनं खाल्ली, आणि लाईन गेल्याचा दोष पुढं आठवडाभर बकरीवर होता.

किराणावाला घनश्याम व्यवहारी माणूस. "बाबूजी, कायले डोकं खपवता? इन्वर्टर बसवा. लाईन जाओ नाहीतर राहो, तुमच्या घरी उजेड." बाबूजींना पटलं. इन्वर्टर बसला. त्या संध्याकाळी लाईन गेली आणि बाबूजींचं घर लग्नघरासारखं उजळलं. बाबूजी फोन हातात घेऊन उजेडात बसले. फोन मुका. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की इन्वर्टर आपल्या घराला बसवला आहे, टॉवरला नाही. तेवढ्यात सावित्रीबाई "तुमच्याकडं टीव्ही चालू असन ना?" म्हणत आत आल्या. मागोमाग अर्धी गल्ली आली. सिरियल लागली. चौदा फोन चार्जिंगला लागले. बाबूजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात उभं राहायला जागा शोधली. तिसऱ्या दिवशी घनश्यामनं, कुल्फ्या विरघळतील म्हणून, दुकानातला फ्रीझर लांब वायरनं त्यांच्या इन्वर्टरला जोडला. इन्वर्टरनं एक उसासा टाकला, जळक्या वासाचा, आणि तो कायमचा निवाला. घनश्याम म्हणाला, "कंपनीच खराब." आणि बाबूजींना एक कुल्फी दिली, तीही विरघळलेली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिच्यात आहे. बाबूजी कोहळी समाजाचे. कोहळ्यांच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले, आणि बाबूजींचे आजे-पणजे तर गावाचे पाणकर. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती पाणी सोडायचं ते पाणकर ठरवणार, तलावाचं दार म्हणजे तुडूम, ते उघडणार तोच आणि बंद करणारही तोच. त्यामुळे बाबूजींच्या डोक्यात कुठलीही वाहणारी गोष्ट ही शेवटी पाणीच असते. वीजही. सबस्टेशन म्हणजे तलाव, तारा म्हणजे पाट, डीपी म्हणजे तुडूम. आणि तलावाला पूर आला तर शहाणा माणूस तुडूम बंद करून घरी जात नाही. तो सांडवा उघडतो, जादा पाणी बाजूनं काढून देतो. मग हे वीजवाले वादळ आलं की दार बंदच का करतात? यांना सांडवा माहीतच नाही! बाबूजींना हा विचार इतका आवडला की त्यांनी सातपानी अर्ज लिहिला, विषय: "वादळकाळात जादा विजेस सांडवा काढून देणेबाबत", आणि सायकल काढून वीज कार्यालय गाठलं.

खिडकीत इंद्रकुमार नावाचा कारकून होता, गोंदिया शहरातला, बोलणं सगळं हिंदीत. त्यानं अर्ज उलटापालटा केला.

"बाबूजी, कंप्लेंट कंज्युमर को खुद देनी पड़ती है."

"मीच कंज्युमर."

"बिल पे तो हिरालाल कापगते लिखा है."

"ते माझे वडील."

"तो उनको भेज दो."

"ते वारले. अकरा वर्षं झाली."

इंद्रकुमारनं पेन खाली ठेवला. "मतलब ग्यारह साल से मरे हुए आदमी की लाईन आप जला रहे हो?"

आजवर दुसऱ्यांच्या अर्जात खोट काढणारे बाबूजी, स्वतःच्या अर्जासह खिडकीबाहेर उभे राहिले. मागे रांगेत दोघं हसले. एकानं तर वडिलांना "देव सद्गती देवो" असंही म्हटलं. बाबूजींची मान खाली गेली. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, बहिणींची संमती, एवढं लागणार होतं, आणि एक बहीण दवनीवाड्याला होती जी बाबूजींशी एका म्हशीवरून बोलत नव्हती. पण त्याच वेळी आतून लाईनमन चुन्नीलाल चहा पीत बाहेर आला. त्यानं सांडव्याचा अर्ज वाचला, पुरी सातही पानं वाचली, आणि वाचून झाल्यावर बाबूजींना बाकावर बसवलं.

"बाबूजी, करंट पानी नाही जी. पानी सांडलं तं वावर भिजते. करंट सांडला तं माणूस मरते. वाऱ्यानं तार तारेले झोंबली, नाहीतर झाडाची ओली फांदी लागली, नाहीतर खांबावरच्या चिनीमातीच्या चिमणीले तडा जाऊन त्यात पानी मुरलं, का करंट जमिनीत जाले पाहते. मंग सबस्टेशनातला ब्रेकर सोताच पडते. पडला म्हनून कोनाचं पोरगं वाचते. आमी बसून नसतो जी, तार तुटून धुऱ्यावर पडली असन का म्हनून पाहाले जातो, मंगच चालू करतो."

"मंग आपल्याच गावची काऊन जाते? नवेगावची तं असते."

"तुमच्या फिडरवर, म्हंजे सबस्टेशनातून तुमच्या गावाले जाते त्या लाईनीवर, कुठंतरी झाड लागत असन. एकसष्ट खांब आहेत. मी एकटा, गावं अठरा. कवा पाहू?"

बाबूजींच्या डोळ्यांपुढे एकदम आजा उभा राहिला. आखाडाच्या आधी पाणकर तलावाची सगळी पाळ पायी चालून बघायचा. हातात काठी, पाळीला टोचत जायचं, खेकड्यानं कुठं बीळ पाडलंय का, झिरपतंय का. एवढं केलं की पूर आला तरी पाळ फुटत नाही. बाबूजी उठून उभे राहिले. "मी पाहतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला दुपट्टा, काखेत वही, हातात आजाची बांबूची काठी घेऊन बाबूजी सबस्टेशनापासून कवठटोल्याकडं चालू लागले. दर खांबाला काठीनं दोन टोले मारायचे आणि वहीत लिहायचं. खांब एक: ठीक. खांब नऊ: कावळ्याचं घरटं, तीन पिल्लं. खांब चौदा: वेल चढलेला, मालक झोपलेला. विसाव्या खांबावर चुन्नीलाल मोटरसायकलवरून धापा टाकत आला आणि त्यानं आधी काठी हिसकावली. "बाबूजी, पाळ नाही ही! लाईन चालू आहे वर! काकूले काय सांगू मी?" त्यानंतर बाबूजींनी टोले मारायचं सोडलं आणि खांबाकडं लांबूनच नुसतं रोखून बघायला सुरुवात केली.

पण वहीत काहीतरी लिहिणारा माणूस धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालला की गावोगाव एकच अर्थ होतो. पंचविसाव्या खांबापर्यंत बातमी गेली की सरकारचा सर्वे चालू आहे. तिसाव्या खांबाजवळ चहा आला. तेहतिसाव्याला एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "साहेब, मोठी लाईन माह्या वावरातून नका नेऊ." बाबूजी म्हणाले, मी साहेब नाही. तो म्हणाला, "साहेब लोक असंच म्हनतात." दुसरा आला तो म्हणाला, मोठी लाईन माझ्याच वावरातून न्या, मोबदला मिळतो म्हणे. दोघांची तिथंच जुंपली. संध्याकाळी बाबूजींच्या अंगणात सात-आठ माणसं येऊन बसली, कुणी लाईन हवी म्हणून, कुणी नको म्हणून, आणि बाबूजी जितकं "अरे, माझा काही संबंध नाही" म्हणत तितका त्यांचा संबंध वरपर्यंत आहे हे लोकांना पटत गेलं. सावित्रीबाईंनी सगळ्यांना चहा केला, बाबूजींच्या साखरेचा.

खरी गोष्ट बाबूजींनी कुणालाच सांगितली नव्हती. एक्केचाळिसाव्या खांबाजवळ, तलावाच्या पाळीला लागून, बांबूची एक मोठी रांजी होती. एकाच बुडातून पन्नास-साठ बांबू वर गेलेले, सगळे तारांच्या दोन हात खाली माना वाकवून. त्यातल्या चार-पाच बांबूंचे शेंडे जळून काळे झाले होते. वारा आला की वाकायचं, तारेला लागायचं, आणि तिकडं ब्रेकर पडायचा. लहान मुलालाही कळेल एवढं सोपं. बाबूजींनी वही उघडली आणि लिहिलं: "खांब ४१. रांजी. मालक अज्ञात."

मालक मुळीच अज्ञात नव्हता. ती रांजी बाबूजींच्याच बांधीत होती.

रुख्माबाईचं माहेर देवरीकडचं, जंगलातलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनं माहेराहून बांबूचं एक बूड फडक्यात गुंडाळून आणलं आणि पाळीजवळ लावलं. पावसात त्याला कोवळे कोंब फुटतात, त्यांना इकडं वास्ते म्हणतात. रुख्माबाईच्या हातची वास्त्यांची भाजी म्हणजे, जाऊ द्या, पाच महिने वरण-भात खाणाऱ्या माणसासमोर ते वर्णन नको.

दोन दिवसांनी चुन्नीलाल वही बघायला आला. एक्केचाळिसाव्या खांबावर त्याचं बोट थांबलं. "अज्ञात? बाबूजी, ही तं काकूची रांजी."

"हो का?" बाबूजी म्हणाले.

"पाच वर्षांआधी मी हिले कोयता लावला तं तुमी माह्यावर अर्ज टाकला होता. मले नोटीस आली. तवापासून हिले कोनी हात नाही लावत. म्हनूनच त्या दिवशी मी नुसतं 'कुठंतरी झाड' म्हनलो. फाईलीत आहे अर्ज."

अर्ज होता. दोघं कार्यालयात गेले तेव्हा इंद्रकुमारनं तो फायलीतून काढून, खिडकीत उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. विषय: "खाजगी बांबूस विनापरवाना इजा करणेबाबत." सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. "सदर रांजी अर्जदाराच्या पत्नीच्या भावनांशी निगडित असल्याने तिच्या एकाही बांबूस यापुढे हात लावल्यास अर्जदार वरिष्ठांकडे दाद मागेल." खाली सही, पुनाराम हिरालाल कापगते.

इंद्रकुमार म्हणाला, "क्या अर्जी लिखी है बाबूजी! पाँच साल से फीडर हाथ जोड़ के खड़ा है."

बाबूजी सायकल न चढता, हातात धरून, चार किलोमीटर पायी घरी आले. पाच वर्षं साऱ्या गावाची लाईन घालवणारा माणूस ते स्वतः होते, आणि तीही बायकोच्या भावनांसाठी, आणि आता त्याच रांजीमुळं बायकोचं अर्धं वाक्य पुरं होत नव्हतं. रांजी तोडावी तर रुख्माबाई रागावणार. आधीच परत यायचं की नाही असं चाललेलं, त्यात माहेरची निशाणी तोडली म्हटल्यावर ती पुण्यालाच घर करणार. न तोडावी तर ती काय ठरवते आहे ते कळणारच नाही. तिलाच विचारावं म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी फोन उचलता उचलताच सुरुवात केली. "रुख्मा, ते पाळीजवळची तुझी रां–" आणि वारा सुटला.

लाईन गेली. अंधारात सावित्रीबाईंचा आवाज आला, "अज्ञात मालकाची रांजी हालली वाटते!" म्हणजे बातमी गावात पोचली होती.

रविवारी सबस्टेशनातून फिडर बंद करून घेतला आणि चुन्नीलालनं रांजीला कोयता लावला. बाबूजींनी बजावलं होतं, तीनच बांबू, जळक्या शेंड्यांचे. तीन पडले. चुन्नीलाल म्हणाला, बाजूचे दोन पुढच्या महिन्यात तिथंच येतील. पाच पडले. मग म्हणाला, तारेपासून एवढं अंतर तं पाहिजेच जी, नाहीतर पुन्हा हेच. तो बरोबर बोलत होता, हे बाबूजींना पाचव्या बांबूपर्यंत कळलं होतं. ते पाठ करून तलावाकडं तोंड करून उभे राहिले. मागे बांबू पडायचे तेव्हा मोठा सर्रकन आवाज व्हायचा आणि दर वेळी बाबूजींचे खांदे थोडे वर जायचे. संपलं तेव्हा कमरेइतकी बुडं उरली होती. बाबूजींना वाटलं, हिच्याऐवजी आपला चहाचा दुसरा कप तोडला असता तर बरं झालं असतं, असं काहीतरी, ज्याला काही अर्थ नव्हता.

त्याच संध्याकाळी वादळ आलं. असं वादळ या उन्हाळ्यात आलं नव्हतं. पत्रे वाजत होते, सावित्रीबाईंची एक बादली रस्त्यानं बसस्टँडकडं निघाली होती, आणि सारी गल्ली बाबूजींच्या ओसरीवर गोळा होऊन एका बल्बकडं बघत होती. घनश्यामनं तर येण्याआधी फ्रीझरचं झाकण उघडून कुल्फ्यांना शेवटचं बघून घेतलं. बल्ब एकदा मिचमिचला. बल्ब पुन्हा सरळ झाला आणि जळत राहिला.

साडेसातला फोन वाजला.

"अजी, तिकडं वादळ आहे म्हनते ना टीव्हीवर? अन् फोन कसा लागला?"

"चंदा कुठं आहे?" बाबूजींनी विचारलं.

"बाळाले घेऊन खाली गेली."

"मंग सांग. मी आता, काय?"

मग रुख्माबाई म्हणाली, "मी आता घरी येते, असं सांगत होती. वास्ते निघायच्या आत. चंदासमोर बोललं का तिचे डोळे भरतात, म्हनून बोलता येत नव्हतं. इथं सारं भेटते जी, पन जीव लागत नाही. सकाळी उठलं का वाटते, तिकडं तुमी पेपर वाचून राहिले असान, अन् आयकाले कोन आहे?"

ओसरीवरच्या दहा माणसांना सगळं ऐकू जात होतं आणि सावित्रीबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

"अन् आयकून राहिले का? माही रांजी बरी आहे ना? एवढ्या वाऱ्यात पडली तं नाही?"

बाबूजींनी बल्बकडं पाहिलं. गेले कित्येक दिवस ज्या लाईनीसाठी त्यांनी अर्ज केले, खांब मोजले, साऱ्या पंचक्रोशीत हसं करून घेतलं, ती लाईन आता, या क्षणी, एकदाच जावी अशी त्यांनी मनापासून देवाजवळ मागणी केली. फक्त पाच मिनिटं. बाहेर वीज कडाडली, पत्रा उडाला, कुठंतरी फांदी मोडली. बल्ब मात्र लख्ख जळत होता. चुन्नीलालनं काम चोख केलं होतं.

"रुख्मा," बाबूजी म्हणाले, "रांजी तोडली मी."

फोन गप्प झाला. बाबूजींना वाटलं लाईन गेली. बल्ब चालू होता. त्यांनी फोन कानावरून काढून पाहिला, त्यावर सेकंद चालले होते.

"कायले तोडली?" रुख्माबाईचा आवाज बारीक होता.

ओसरीवरच्या दहा माणसांचे वीस कान बाबूजींकडं लागले होते. चौतीस वर्षांत घरात जे बोलायची पद्धत नव्हती ते आता गल्लीसमोर बोलायचं होतं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"वारा आला का ती तारेले लागत होती. लाईन जात होती. तुझं बोलनं अर्धंच राहून जात होतं. मले करमत नव्हतं, रुख्मा."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. मग रुख्माबाईनं तिच्या नेहमीच्या, ओसरीवरच्या आवाजात विचारलं, "बुडं ठेवली का खनून काढली?"

"बुडं आहेत. कमरेएवढी."

"मंग काय झालं? पाणकराच्या घरचे तुमी अन् एवढं नाही मालूम? बुडं आहेत तं वास्ते येतेच. पानी पडलं का चार दिवसांत वर. पन मोजून काढा लागतात, सारे नाही. तुमी नका काढू. मी येऊन काढीन." आणि पलीकडं लिफ्टचा आवाज आला असावा, कारण ती घाईघाईनं बोलली, "गोंदियावरून महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकीट काढा अन् मले न्यायले या. चंदाले तुमीच समजावून सांगा. माह्यानं नाही होत. अन् येताना तिच्यासाठी नवे तांदूळ आना. ठेवते."

बाबूजी फोन धरून भिंतीकडं तोंड करूनच उभे राहिले. मग सावकाश आत गेले आणि माळ्यावरून बॅग काढली. बॅगेत जानेवारीत रुख्माबाईनं नको म्हणून मागं ठेवलेली एक शाल होती. ती त्यांनी झटकली, घडी केली आणि परत आत ठेवली.

तेवढ्यात लाईन गेली. कुठं तरी दुसऱ्या खांबावर, दुसऱ्या कुणाचं झाड असेल, किंवा तुटलेली तार धुऱ्यावर पडली असेल आणि कुणाचं पोर वाचलं असेल. ओसरीवर एकच गलका झाला. "गेली! गेली!" घनश्याम कुल्फ्यांकडं पळाला. सावित्रीबाई दारातून ओरडल्या, "बाबूजी! अहो बाबूजी! आता काऊन गेली जी?"

बाबूजी अंधारात चाचपडत शिंक्याजवळ गेले. तिथं फळीवर रुख्माबाईचं जेवायचं ताट जानेवारीपासून पालथं पडलं होतं. ते त्यांनी उतरवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि सुलटं करून ठेवलं. लाईन काऊन गेली ते पाहायला मात्र बाबूजी बाहेर आले नाहीत.